राजपुत्राची उमेदवारी

एक नोकर छातीशी भलीमोठी लाकडी चकती धरून मैदानात धावतो आहे आणि राजपुत्र तिच्यावर सुरे फेकतो आहे. निशाणा हलता हवा, म्हणून नोकराला पळायला लावलंय. भोवतीचे सरदारपुत्र खिदळताहेत. नोकर धडपडतो, चकती घरंगळत जाते आणि गावाकडून नुकत्याच आलेल्या एका किडकिडीत पोराच्या पायाशी थांबते. पोरगा तिच्यावर पाय ठेवतो आणि म्हणतो, बास झालं आता. आपण कुणाला अडवतोय हे त्याच्या गावीही नाही. शब्दाला शब्द वाढतो, राजपुत्र त्याचा हात पिरगाळतो आणि पोराची रवानगी कोठडीत होते.

बीबीसी वनवर २० सप्टेंबर २००८ च्या शनिवारी सुरू झालेल्या ‘मर्लिन’ या मालिकेत आर्थर आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो असा. अडवणारा पोरगा म्हणजे मर्लिन. ब्रॅडली जेम्सचा आर्थर आणि कोलिन मॉर्गनचा मर्लिन ही जोडी तिथून पाच हंगाम आणि ६५ भाग चालली, २४ डिसेंबर २०१२ पर्यंत. दंतकथेतला पांढऱ्या दाढीचा जादूगार इथे जवळजवळ राजपुत्राच्याच वयाचा आहे आणि त्याच्या चिलखताला घासूनपुसून लख्ख करण्याचं काम करतो. कॅमलॉटमध्ये जादू करणाऱ्याला देहदंड असल्यामुळे त्याची विद्या लपलेली. राजपुत्राचा जीव वाचवायचा आणि श्रेय दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडताना बघत राहायचं, हा त्याचा आठवड्याचा रतीब. पुढच्या पानांतलं विवेचन मुख्यतः या मालिकेभोवती फिरतं, म्हणून प्रस्तावनेतही मी तिलाच मध्यभागी ठेवलं आहे. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या आर्थरांबद्दल लागेल तेवढंच बोलेन.

आर्थरकथा पुस्तकांतून वाचलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडेल तो हा, की असला माजोरडा मुलगा आला कुठून? जुन्या ग्रंथांत तो नाही. जेफ्री ऑफ मॉन्मथने ११३६ च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा ‘इतिहास’ लॅटिनमध्ये लिहिला. त्यातला आर्थर पंधराव्या वर्षी गादीवर येतो तोच शूर आणि दिलदार म्हणून. त्याला शिकण्यासारखं फारसं काही उरलेलंच नाही. थॉमस मॅलरीचा ग्रंथ विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापला. तिथे आर्थर सर एक्टरच्या घरी वाढलेला, स्वतःच्या जन्माचा पत्ता नसलेला मुलगा आहे. मानलेल्या भावाची, म्हणजे केची, तलवार घरी राहिली म्हणून ती आणायला तो जातो. घरी दार उघडायला कुणी नसतं, तेव्हा चर्चच्या आवारात दगडात रुतलेली तलवार उपसून घेऊन येतो. ती हातात पडताच के बापाला सांगतो, ही माझ्याकडे आहे, तेव्हा राजा मीच. बाप त्याला चर्चमध्ये नेऊन शपथ घ्यायला लावतो तेव्हा खरं बाहेर येतं. गर्व त्या घरात होता, पण तो केकडे होता. टी. एच. व्हाइटने १९३८ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’मध्ये या मुलाच्या शिक्षणावर अख्खं पुस्तक खर्ची घातलं. मर्लिन त्याला मासा करतो, पक्षी करतो, खंदकातल्या अजस्र पाइक माशाच्या तोंडून सत्तेची भूक काय चीज असते ते ऐकवतो. पण व्हाइटचा मुलगाही स्वभावाने गरीब. ऐट तिथेही केचीच.

‘मर्लिन’च्या लेखकांनी केचा ताठा उचलला आणि आर्थरला चिकटवला. जादूगार तरुण केला, याची चर्चा फार झाली. मला विचाराल तर खरी उलथापालथ या दुसऱ्या बदलात आहे.

त्याच्याच जोडीने त्यांनी बापाला जिवंत ठेवलं. दंतकथेत आर्थर वयात येण्याआधीच उथर मेलेला असतो. इथे अँथनी हेडचा उथर चौथ्या हंगामाच्या तिसऱ्या भागापर्यंत आहे, आणि मेल्यावरही मुलाच्या मानगुटीवरून उतरत नाही. राणीला मूल होत नव्हतं म्हणून याच माणसाने जादूचा आधार घेतला. जन्माच्या बदल्यात राणीचा जीव गेला, आणि मग त्याने राज्यातल्या जादूगारांची कत्तल मांडली. स्वतःच्या अपराधाची शिक्षा त्याने इतरांना वाटून दिली. राज्यासाठी मी वाटेल ते करीन, असं तो मनापासून म्हणतो. त्या ‘वाटेल ते’मध्ये बळी मात्र दर वेळी दुसऱ्याचा जातो. आर्थर या शाळेत वाढला. नोकरावर सुरे फेकणं हा त्याला खेळ वाटतो तो याच शिकवणीमुळे.

आता धंद्याची बाजूही सांगून टाकावी. दोन तासांच्या चित्रपटाला तयार नायक चालतो. शनिवारी संध्याकाळी घरातल्या लहानथोरांना एकत्र बसवणाऱ्या आणि वर्षानुवर्षं चालवायच्या मालिकेला असा नायक लागतो, ज्याच्यापुढे बराच रस्ता शिल्लक आहे. दगडातून तलवार उपसणारा गरीब पोर पहिल्याच भागात मुक्कामाला पोचतो. गर्विष्ठ राजपुत्राला पोचायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक भागात नवा राक्षस किंवा नवी चेटकीण येणार आणि शेवटी सगळं पूर्ववत होणार, ही या प्रकाराची रीत. त्यामुळे आर्थर या शनिवारी जे शिकतो त्यातलं निम्मं पुढच्या शनिवारपर्यंत विसरतो, आणि पुन्हा मर्लिनच्या दिशेने हाताला लागेल तो पेला भिरकावतो. समीक्षकांना हे खटकतं. मला यात सोय दिसते तशी थोडी सचोटीही दिसते. माणूस एका प्रसंगात सुधारतो असं मानणाऱ्या कथांपेक्षा ही विसराळू सुधारणा जास्त पटते.

तो नेमकं काय शिकतो हे बघायचं तर पहिल्या हंगामाचा अकरावा भाग, ‘द लॅबिरिंथ ऑफ गेड्रेफ’, बारकाईने पाहावा. शिकारीला गेलेल्या आर्थरला रानात पांढराशुभ्र एकशिंगी घोडा दिसतो. मर्लिन त्याला हुसकावून लावायला धडपडतो, पण तोवर बाण सुटलेला असतो. आर्थर शिंग बापाला नजर करतो. मग पिकं करपतात, विहिरींतून पाण्याऐवजी वाळू येते, आणि एकशिंग्यांचा राखणदार अनहोरा येऊन सांगतो की हा शाप तूच आणलास, तेव्हा परीक्षाही तुलाच द्याव्या लागतील. पहिल्या परीक्षेची आर्थरला कल्पनाही नसते. रात्री धान्याच्या कोठारात एक चोर सापडतो, म्हणतो पोरं उपाशी आहेत. कायद्याने त्याचा जीव जायला हवा. आर्थर त्याला धान्यासकट सोडून देतो आणि पाणी परत येतं. इथवर आपण खूश. राजपुत्राला दया आली, धडा झाला.

पण दुसऱ्या परीक्षेत तोच चोर रानात भेटतो, भरल्या ताटाशी बसलेला. पोरंबाळं सगळी थाप होती. तो आर्थरला हिणवतो, तू भोळा, तुझ्या बापाला तुझी लाजच वाटत असणार, असल्या माणसाने राज्य काय करायचं. आर्थर तलवार उपसतो आणि त्याला ठार करतो. चोर हवेत विरून जातो, कारण तो खरा नव्हताच. अनहोरा सांगतो, तू हरलास.

या दोन परीक्षांमधलं अंतर हा मला संपूर्ण मालिकेचा गाभा वाटतो. देणं आर्थरला जमलं. दिल्यावर कुणी आपल्याला खुळा म्हटलं तर ते सोसणं जमलं नाही. राजाच्या मुलाने मूठभर धान्य सोडण्यात त्याचं काय जातं? त्याचं जे खरोखर जाऊ शकतं ते आहे नाव, आब, चारचौघांतलं वजन. ते जाऊ देण्याची वेळ आली की त्याचा हात आपसूक मुठीवर जातो. तिसरी परीक्षा समुद्रकाठी होते. मेजावर दोन पेले, एकात विष, समोर मर्लिन. दोन्ही पेल्यांतलं सगळं संपलं पाहिजे आणि प्रत्येकाने एकाच पेल्यातून प्यायचं. मर्लिन डोकं लढवून म्हणतो, सगळं एकाच पेल्यात ओतू, म्हणजे एकच जण मरेल. तो जीव आपलाच असावा यावरून दोघांची जुंपते. आर्थर त्याचं लक्ष दुसरीकडे वळवतो आणि पेला रिकामा करतो. विष नसतंच, झोपेचं औषध असतं. या वेळी बघायला कुणी नाही, दरबार नाही. एका नोकरासाठी आपण मेलो हे कॅमलॉटमध्ये कुणाला कळणारही नव्हतं. म्हणून तो पास झाला, असं मी मानतो. जीव द्यायला तो आधीही तयार होता. शूर लोक असतातच.

निःस्वार्थपणाची कसोटी श्रेयावर लावायची, हे सूत्र एकदा हाती आलं की पुढचे बरेच भाग वेगळे दिसू लागतात. दुसऱ्या हंगामाच्या दुसऱ्या भागात आर्थरला शंका येते की भाल्यांच्या झुंजीत लोक आपल्याला मुद्दाम जिंकू देतात. तो नाव बदलून स्पर्धेत उतरतो, सरदार म्हणून मिरवायला एका शेतकऱ्याला उभं करतो आणि स्वतः ग्वेनच्या, म्हणजे लोहाराच्या मुलीच्या, घरात लपतो. लपतो म्हणजे तिच्या बिछान्यावर ताणून देतो. ती बिचारी जमिनीवर झोपते. तिला कुठे झोपायचं हा प्रश्नच त्याच्या डोक्यात आलेला नसतो. ग्वेन अखेर त्याला चार शब्द सुनावते. ओशाळलेला राजपुत्र तिच्यासाठी स्वतः स्वयंपाक केल्याचा आव आणतो, प्रत्यक्षात जेवण मर्लिनने राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आणलेलं. तेही उघडकीला येतं. नम्रपणा दाखवायचा तोही दुसऱ्याच्या कष्टावर, हे इतक्या हलक्या हाताने क्वचितच कुणी दाखवलं असेल. शेवटी स्पर्धा जिंकल्यावर ठरल्याप्रमाणे नाव उघड करायची वेळ येते, तेव्हा आर्थर शेतकऱ्यालाच पुढे करतो. जल्लोष शेतकऱ्याच्या वाट्याला येतो.

इथे मराठी वाचकाला विराटपर्व आठवल्याशिवाय राहणार नाही. अंतःपुरात बायकांपुढे बढाया मारणारा उत्तर, कौरवांचं सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटलेला उत्तर, आणि त्याला धरून आणणारी बृहन्नडा. तिथेही राजपुत्राच्या रथावर खरा वीर नोकराच्या वेशात आहे. बी. आर. चोप्रांच्या १९८८ ते १९९० च्या ‘महाभारत’मधून हा प्रसंग घराघरांत गेला, आणि बहुतेकांच्या लक्षात राहिली ती उत्तराची फजिती. मला त्याच्या पुढचा क्षण मोठा वाटतो. विजयानंतर विराट भर दरबारात मुलाचं तोंड भरून कौतुक करतो आणि उत्तर म्हणतो, हे मी केलेलं नाही. दिवसभरात त्याचा पाठ पुरा झाला, कारण बृहन्नडा झालेल्या अर्जुनाने शमीच्या झाडाशीच त्याला आपली ओळख सांगितली होती. आर्थरच्या नशिबी हे नाही. त्याचा सारथी पाच हंगाम गप्प बसतो. ज्याचं श्रेय द्यायचं तोच दिसत नसेल तर ते द्यायचं कुणाला? आपल्या वाटेतल्या फांद्या आपोआप शत्रूच्या डोक्यात कशा पडतात, असा प्रश्न आर्थरला कधी पडत नाही. त्याच्या अज्ञानाला तो पूर्ण जबाबदार नाही, पण अगदी निर्दोषही नाही.

गोलमेजाचं काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. वास या कवीने ११५५ मध्ये गोलमेज पहिल्यांदा आर्थरकथेत आणलं ते मानापमानाच्या तंट्यावर तोडगा म्हणून. कोण वरती बसणार यावरून सरदारांचं भांडण नको. बसणारे मात्र सगळे उच्च कुळातले. मालिकेत तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस राज्य गेलेलं, बाप कैदेत, आणि पडक्या गढीत सापडलेल्या मेजाभोवती आर्थर माणसं बसवतो. त्यांत एक लोहाराचा मुलगा आहे, एक कूळ लपवून भटकणारा दारुडा ग्वेन आहे (लोहाराच्या ग्वेनशी त्याचा संबंध नाही, नावांची ही गंमत देवनागरीतच होते), शिवाय लान्सलॉट, ज्याला कूळ नाही म्हणून पहिल्या हंगामात उथरने कोठडीत टाकलं होतं. यांना तो तिथेच सरदारकी बहाल करतो. बापाचा कायदा मोडतो तो बाप हयात असताना. मर्लिनही मेजाशी बसतो. त्याला मात्र कुणी सरदार करत नाही.

बापाची सावली तरीही सुटत नाही. राजा झाल्यावर मामा अॅग्रावेनच्या सल्ल्याने तो हाती सापडलेल्या कार्लियन राजाचं डोकं उडवतो, कारण उथरने तसंच केलं असतं. राणी अॅनिस सैन्य घेऊन येते. दोन फौजा कापल्या जाऊ नयेत म्हणून आर्थर द्वंद्वाचा प्रस्ताव देतो, स्वतः उतरतो, जिंकतो आणि खाली पडलेल्या योद्ध्याला जिवंत सोडतो. चौथ्याच हंगामात, तरुणपणी आपल्या नेतृत्वाखाली झालेल्या ड्रुइडांच्या हत्याकांडाबद्दल तो गुडघे टेकून माफी मागतो. हा भाग भुताच्या कथेत गुंडाळलेला असल्यामुळे मुलांना फक्त भीती वाटली असेल. मोठ्यांना तिथे राज्यकर्त्याची माफी दिसते, आणि ती बघायला आपण सरावलेले नाही.

नवल असं की नेतृत्वाचा विषय ब्रिटिश टेलिव्हिजनने याआधी अगदी निराळ्या तऱ्हेने हाताळला होता. एचटीव्हीच्या १९७२-७३ मधल्या ‘आर्थर ऑफ द ब्रिटन्स’मध्ये राजवाडा नाही, जादू नाही, मर्लिनही नाही. ऑलिव्हर टोबायसचा आर्थर चिखलात वावरणारा टोळीप्रमुख आहे आणि भांडखोर टोळ्यांना सॅक्सनांविरुद्ध एकत्र आणणं हे त्याचं काम. पहिल्याच भागात तो स्वतःच्या मरणाची आवई उठवून प्रमुखांना जमवतो. तलवार प्रचंड शिळेखाली अडकलेली, कुणा एकट्याला निघत नाही. मग आर्थर प्रकटतो आणि सगळ्यांना मिळून शिळा उचलायला लावतो. इतकी साधी, इतकी राजकीय युक्ती! तिच्या शेजारी ‘मर्लिन’च्या चौथ्या हंगामाचा शेवट ठेवा. मामाच्या दगाबाजीने खचलेल्या आर्थरला मर्लिन तलवारीची एक दंतकथा रचून सांगतो, तो मूठ धरतो आणि मर्लिन मागून जादूने पातं सैल करतो. जमलेल्या लोकांना राजा मिळतो, राजाला आत्मविश्वास मिळतो, आणि दोन्ही थापेवर उभे राहतात. १९७२ चा आर्थर मला इथे उजवा वाटतो. स्टार्झ वाहिनीची २०११ ची ‘कॅमलॉट’ दहा भागांत आटोपली. तिच्यातल्या कोवळ्या आर्थरला शिकवायला जोसेफ फाइन्सचा कारस्थानी मर्लिन होता, पण दोघांना मुरायला वेळच मिळाला नाही.

जाता जाता, ‘मर्लिन’मधलं कॅमलॉट म्हणजे उत्तर फ्रान्समधला पियेरफाँचा किल्ला. मोडकळीला आलेला हा किल्ला तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून व्हियोले-ल-द्युकने एकोणिसाव्या शतकात नव्याने उभारला, मध्ययुग जसं असायला हवं होतं असं त्याला वाटलं तसा. पुनर्कथनाला पुनर्कथनातलंच घर मिळालं.

मालिकेतला सगळ्यात कडवट भाग पाचव्या हंगामातला पाचवा, ‘द डिसिर’. गुहेत राहणाऱ्या तीन वृद्धा आर्थरचा न्याय करतात. तो पहिल्यांदा तिथे नंगी शस्त्रं घेऊन घुसतो, झटापटीत त्याचा लाडका तरुण सरदार मॉर्ड्रेड मरणाच्या दारी पोचतो. दुसऱ्या खेपेला तो विनंती करायला येतो. अट एकच, राज्यात जादूला जागा दे. बापाची आयुष्यभराची शिकवण सोडायची, तीही एका माणसाच्या जीवासाठी. रात्री शेकोटीशी तो मर्लिनला विचारतो, तू काय करशील? हा प्रश्न मर्लिनने वर्षानुवर्षं मनात घोकलेला आहे. पण मॉर्ड्रेडच्या हातून आर्थरला मरण आहे हे भाकीत त्याला ठाऊक आहे, आणि मॉर्ड्रेड जगू नये म्हणून तो उत्तर देतो की कॅमलॉटमध्ये जादूला जागा नाही. आर्थर नकार कळवून घरी परततो. अंगणात मॉर्ड्रेड ठणठणीत उभा. न्याय झालेला असतो आणि तो असा असतो. गर्विष्ठ राजपुत्र त्या रात्री शिकायला तयार होता, नोकराचं ऐकायला तयार होता. निःस्वार्थी नोकराने भीतीपोटी त्याला चुकीचा धडा दिला. धडे देणाऱ्याला आपण सहसा तपासत नाही. लेखकांनी तपासलं, आणि याबद्दल मी त्यांना शेवटच्या भागाचे बरेच गुन्हे माफ करतो.

बरेच, सगळे नव्हेत. शेवटच्या भागात मॉर्ड्रेडच्या घावाने आर्थर मरणपंथाला लागल्यावर मर्लिन आपलं गुपित सांगतो. आर्थर आधी तोंड फिरवतो, चिडतो, मग हळूहळू हिशेब जुळवत जातो, आणि मरण्याआधी आभार मानतो. उत्तराने दरबारात केलं ते आर्थर सरोवराच्या वाटेवर करतो, ऐकायला एकटा मर्लिन. इतकी वर्षं आपण ज्या राजाची वाट पाहिली, जो सत्य जाणून राज्य करेल, तो पडद्यावर एक दिवसही राज्य करत नाही. दंतकथेप्रमाणे आर्थरला मरणं भाग होतं हे खरं, पण गुपित एक हंगाम आधी फोडायला मॅलरीची आडकाठी नव्हती. शिकलेल्या राजपुत्राचं करायचं काय, हे लेखकांना उमगलं नव्हतं असा माझा तर्क आहे. शिकवणी रंगवण्यात ते तरबेज होते, कारभार रंगवायची वेळ येताच त्यांनी पडदा पाडला.

गादीवर बसते ती ग्वेन. लोहाराची मुलगी, जिने राजपुत्राला बिछान्यावरून सुनावलं होतं. लढाईत आपल्याला वाचवणारा जादूगार कोण हे तिने एव्हाना राजवैद्य गायसच्या चेहऱ्यावरून ओळखलेलं असतं. उथरचा कायदा अजून पुस्तकात आहे, तो उठवायचा अधिकार आता तिच्याकडे आहे आणि ज्याच्यासाठी उठवायचा त्याचं नाव तिला ठाऊक आहे. मालिका तिथे तिला सोडून मर्लिनकडे वळते. प्रेक्षकांनी मात्र हा कायदा तिच्या हातून केव्हाच उठवून घेतला आहे, असं मला कुणाशीही या मालिकेवर बोलताना जाणवतं. त्याबाबत मी त्यांच्याच बाजूचा आहे.